वरचा एकच थर

समुद्रापासून इतक्या लांब, इटलीच्या फ्रान्सकडल्या सीमेवरच्या डोंगरात राहणारी माणसं मासे विकून पोट भरतात असं सांगितलं की बाहेरचा माणूस हसतो. हसू दे. आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या घरांच्या चुली खारवलेल्या अँचोवी नावाच्या बोटभर माशांवरच पेटत आल्यात. जमीन दगडांची, पीक बटाट्यांचं, आणि एकदा बर्फ पडलं की तेही नाही. म्हणून चेस्टनट वेचून झाले की पुरुषमाणसं हातगाड्या घेऊन खाली मैदानात उतरायची, मिठात दाबलेल्या माशांची पिंपं घेऊन गावोगाव हिंडायची आणि बर्फ वितळलं की परत यायची. दाल्मात्सो आर्नेओदोचा बाप त्यातलाच, आजाही त्यातलाच. आणि आजाच्या वेळची एक करामत खोऱ्यात सगळ्यांना तोंडपाठ. तेव्हा मिठावर सरकारचा जबर कर होता. मग ही मंडळी पिंपात गळ्यापर्यंत मीठ भरायची आणि वर माशांचा एकच थर लावायची. नाक्यावरचा शिपाई झाकण उघडणार, वास आला की नाक दाबणार आणि जा म्हणणार. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण ही गोष्ट ऐकताना आमच्यातल्या प्रत्येकाला आपला आजा फार हुशार होता असं वाटतं, आणि त्या वाटण्यानेच पुढे दाल्मात्सोचं वाटोळं केलं.

दाल्मात्सोने स्वतः कधी गाडी ओढली नाही. मागच्या महायुद्धात तो डोंगरी पलटणीत होता. ऑस्ट्रियाच्या बाजूच्या एका शिखरावर त्याच्या मांडीत लोखंड घुसलं आणि तो बर्फात पडून राहिला. बाकीचे पुढे गेले. त्याला पाठीवर घेऊन खाली उतरवलं ते सिस्मोंदा नावाच्या नवख्या लेफ्टनंटने, मिसरूड नुकतं फुटलेल्या, शहरातल्या पोराने. खाली आल्यावर त्या पोराने स्वतःचा कोट काढून दाल्मात्सोच्या पायांना गुंडाळला आणि डॉक्टर येईपर्यंत ते पाय मांडीवर घेऊन बसला. पाय वाचले. माणूस तेवढा लंगडा झाला. आता सांगा, अशा माणसाबद्दल कुणाच्या मनात वाकडं येईल? स्पिरिता, म्हणजे दाल्मात्सोची बायको, म्हणायची की आमच्या घरात संताच्या तसबिरीआधी सिस्मोंदासाहेबांचं नाव घेतात, आणि म्हणताना तिचं नाक थोडं वर जायचं.

सिस्मोंदा यथावकाश मेजर झाला. खोऱ्याच्या तोंडाशी पोन्तेरोस्सो नावाचं गाव आहे, तिथली बंद पडलेली रेशमाची गिरणी लष्कराने कोठी म्हणून घेतली, आणि तिचा कारभार मेजरकडे आला. त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर दाल्मात्सोला बोलावून त्याच्या बाहीवर सार्जंटच्या फिती लावल्या आणि चाव्यांचा जुडगा हातात दिला. कोठीत डोंगरी पलटणीचा लोकरी माल असायचा. गुडघ्यापर्यंतचे मोजे, हातमोजे, गळपट्टे, घोंगड्या. दाल्मात्सोने ती कोठी देवघरासारखी ठेवली. कसर लागू नये म्हणून डोंगरावरून लव्हेंडर तोडून आणायचा, पुरचुंड्या करून पेटीपेटीत घालायचा. बर्फात पडून राहिलेला माणूस तो. लोकरीची किंमत त्याला कुणी शिकवायला नको होती.

मग आलं अबिसीनिया, आफ्रिकेतलं युद्ध.

रोममध्ये देशाच्या सर्वेसर्वाचं गच्चीवरून भाषण झालं आणि आमच्या चौकात कर्णा लावून आम्हाला ते ऐकवलं. आपल्यालाही साम्राज्य हवं. ठीक आहे बाबा, हवं तर हवं. तिथेही उंच डोंगर आहेत, थंडी असते, म्हणून दाल्मात्सोच्या कोठीतला जवळजवळ निम्मा माल गाड्यांत चढला. मेजरने सांगितलं, उन्हाळ्याच्या आत सगळं भरून मिळेल. त्याच हिवाळ्यात बायकांकडून सोन्याच्या अंगठ्या मागितल्या, देशासाठी. चर्चच्या पायरीवर रांग लागली. स्पिरितानेही लग्नातली अंगठी काढून दिली आणि बदल्यात लोखंडाची घेऊन आली. बोटाला काळा डाग पडायला लागला तेव्हा म्हणाली, साम्राज्याचा रंग उतरतोय. दाल्मात्सोला ते आवडलं नाही. असं बोलू नये म्हणाला.

उन्हाळा आला आणि गेला. कोठीत भर पडली ती घोषणांच्या कागदांची. मग स्पेनमधली यादवी. तिथे आपलं काय अडलं होतं ते अजून मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण पेट्या गेल्या, नावगाव न लिहिता गेल्या. खोऱ्यातली दोन-चार बेकार पोरं आफ्रिकेत रस्ते बांधायचं काम आहे म्हणून सही करून बसली, आणि बोटीतून उतरली ती स्पेनमध्ये, हातात बंदूक. त्यातला एक परतला तेव्हा सांगत होता की युद्ध संपल्यावर ट्रक, तोफा, घोंगड्या सगळं तिथल्यांना देऊन आलो, म्हणजे अगदी लेकीची पाठवणी करावी तसं. दाल्मात्सोने त्याला विचारलं, लव्हेंडरच्या पुरचुंड्या असलेले मोजे पाहिलेस का रे तिथे? तो हसत सुटला. दाल्मात्सोला हसू आलं नाही. मग स्पेनचं उरकतं न उरकतं तोच आल्बेनिया, आणि जे काही तळाला होतं तेही खरवडून नेलं.

दर वेळी दाल्मात्सो मेजरकडे जायचा आणि दर वेळी मेजर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. येतंय, गिरण्यांना ऑर्डर गेली आहे, लोकर येतेय. वाटाण्याच्या अक्षता कशा लावतात ते बघायचं असेल तर त्या खांद्यावरच्या हाताकडे बघावं. पण दाल्मात्सोच्या डोक्यात संशय शिरला नाही. तो घरी येऊन म्हणायचा, साहेब म्हणालेत, येतंय. आणि मक्याच्या पिठाची पोलेंता ढवळणारी स्पिरिता पाठ न वळवता म्हणायची, मग चूल विझवायला नको, रात्री-अपरात्री येईल.

एकोणीसशे चाळीसच्या वसंतात पाहणीचा हुकूम आला. सगळीकडे युद्ध पेटलेलं, आपण तेवढे कुंपणावर. कुणी बडा जनरल सीमेवरच्या कोठ्या बघत फिरणार होता, पलटणी तयार आहेत का म्हणून. आणि गिरणीत काय होतं? रिकाम्या पेट्यांच्या उतरंडी, आणि एका कोपऱ्यात उरलेल्या मोज्यांचा ढीग, तोही असा की शाळेतल्या पोरांना जेमतेम पुरावा.

मेजर स्वतः कोठीत आला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. तो काही फार बोलला नाही. एवढंच, की पाहणी नीट पार पडली पाहिजे. नाहीतर ते मलाही काढतील आणि कोठी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देतील, आणि मग येणारी लोकर तरी ह्या खोऱ्यातल्या पोरांना मिळेल की नाही कोण जाणे. गिरण्यांचा माल शरदापर्यंत नक्की येतोय. तोवर निभावून ने.

निभावून ने म्हटल्यावर दाल्मात्सोला आजा आठवला. त्याने नदीवरून गोटे आणवले, गवत आणवलं. प्रत्येक पेटीत तळाला गोटे, मध्ये गवत, आणि वर मोज्यांचा एकच थर, नीट घडी घालून, मधोमध लव्हेंडरची पुरचुंडी ठेवून. वजन बरोबर, वास बरोबर. मेजरला त्याने पिंपांची गोष्ट सांगितली तेव्हा मेजर इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. दाल्मात्सोला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. ज्याने आपल्याला पाठीवर घेतलं त्याच्यासाठी आपण पण काहीतरी करू शकतो, एवढंच त्याच्या मनात होतं.

जनरल आला. पेट्यांच्या रांगेतून चालला, एक पेटी उघडायला सांगितली, मोज्यावर हात फिरवला, पुरचुंडी नाकाला लावली. म्हणाला, अशी कोठी मी कुठे पाहिली नाही. वासाच्या बाबतीत खरंच आहे ते. पण अशाच कोठ्या त्याने सगळीकडे पाहिल्या असणार, फक्त कुठे गोटे असतील, कुठे भुसा. आफ्रिकेने आणि स्पेनने आतून पोखरून ठेवलेल्या घराला प्रत्येकाने आपापल्या परीने चुना लावला होता, आणि रोममध्ये तो चुना बघून म्हणाले, घर मजबूत आहे, निघा.

निघा म्हणायला जून उजाडला. पुन्हा गच्ची, पुन्हा भाषण, पुन्हा चौकातला कर्णा. फ्रान्सविरुद्ध युद्ध. आमच्या चौकात कुणी टाळी वाजवली नाही. फ्रान्स म्हणजे आमच्यासाठी खिंडीपलीकडचं आजोळ. कुणाची बहीण तिकडे दिलेली, कुणाचा काका तिकडच्या मेंढ्या राखणारा. त्यातून जर्मनांनी आधीच त्यांचं कंबरडं मोडलेलं. पडलेल्याला लाथ घालायला जायचं, ह्याची लाज सगळ्यांना वाटत होती आणि बोलत कुणीच नव्हतं.

दाल्मात्सोचा एकुलता एक मुलगा मान्यो त्याच डोंगरी पलटणीत होता. विशीतलं पोर, बापासारखं भोळं आणि आईसारखं तोंडाळ. लष्करातून सुटल्यावर आजोबांची माशांची गाडी पुन्हा बाहेर काढायची हे त्याने ठरवून टाकलेलं. चाकं दुरुस्त केली होती, निळा रंग दिला होता. दिवसभर चालायचं, संध्याकाळी कुणाच्या तरी गोठ्यात पाठ टेकायची, सकाळी पुन्हा गाडी ओढायची. त्या धंद्याला दुसरं भांडवल लागत नाही, फक्त पाय लागतात. आणि पोराचे पाय असे की मेच्या सणाला नाचायला लागला की वाजवणारे थकायचे.

पलटणीला कोठीतला माल घेऊन खिंडीखालच्या छावणीत जायचा हुकूम आला. दाल्मात्सो धावत मेजरकडे गेला. मेजरने दार लावून घेतलं आणि त्याला बसवलं. म्हणाला, घाबरतोस काय, कुणी वर चढणार नाही. फ्रान्स आठवड्याभरात गुडघे टेकतंय. आपण फक्त सीमेवर उभं राहायचं, म्हणजे तहाच्या सह्या होताना आपल्यालाही खुर्ची मिळेल. पेट्या छावणीत जातील आणि जशा गेल्या तशा परत येतील. उघडायची वेळच येणार नाही. दाल्मात्सोचा जीव भांड्यात पडला. त्याने स्वतः उभं राहून पेट्या खेचरांवर चढवून दिल्या.

मान्योला निघण्यापूर्वी घरी जेवायला सोडलं होतं. स्पिरिताने ससा शिजवला होता. जेवण झाल्यावर तिने लोकरी मोज्यांचे दोन जोड त्याच्यापुढे ठेवले. आमच्याच मेंढ्यांची लोकर, तिनेच कातलेली, हिवाळाभर बसून विणलेली. जाड, राठ, पण पाणी आत येऊ न देणारी. जूनमध्ये मोजे कशाला, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. खिंडीवर जूनमध्येही बर्फ असतं.

मान्योने मोजे उचलले, गालाला लावले आणि परत टेबलावर ठेवले.

"आई, हे नाही नेता येणार मला. पोरं काय म्हणतील? आर्नेओदोचा पोरगा घरून मोजे घेऊन आला, म्हणजे बापाच्या कोठीवर ह्याचाच भरवसा नाही."

स्पिरिता नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही सांगा की त्याला."

दाल्मात्सो चीज कापत होता. त्याच्या हातातली सुरी थांबली. सांगावं, आत्ता सांगावं, असं त्याला वाटलं. पण पोर त्याच्याकडे अशा कौतुकाने बघत होतं की त्याला जमलं नाही. तो एवढंच म्हणाला की घे की, वजन किती होणार.

"तुम्हीच असं म्हणता, बाबा?" मान्यो हसला. आणि दाल्मात्सोही हसला. कुणी चढणार नाही, साहेब म्हणालेत. त्याने चीजचा तुकडा पोराच्या ताटात ठेवला. मोजे टेबलावरच राहिले.

पुढचे काही दिवस खिंडीवर ढग दाटलेले होते. मग रोमला एकदम काय झालं कुणास ठाऊक. फ्रान्स जर्मनांपुढे गुडघे टेकत होतं आणि आपल्या वाट्याला नुसतं उभं राहून काही येईना, म्हणून हुकूम सुटला, चढा. ज्या पलटणींना सकाळपर्यंत एक पाऊल पुढे टाकू नका म्हणून बजावलं होतं, त्यांना पलीकडच्या किल्ल्यांवर धाडलं. वर बर्फाचं वादळ होतं. खाली आमच्याकडे गारांचा पाऊस.

दाल्मात्सोला बातमी लागली ती बाजारात. तो लंगडत, धापा टाकत मेजरच्या कचेरीत गेला. मेजर ट्रंका भरत होता. पाहणीवर खूश होऊन त्याला तुरीनला वरच्या जागेवर बोलावलं होतं. दाल्मात्सो म्हणाला, साहेब, पलटण वर गेली. ट्रक द्या, माणूस पाठवा, पोरांना सांगा पेट्यांत काही नाही, त्यांना परत बोलवा.

मेजरने ट्रंकेचं कुलूप लावलं आणि सरळ उभा राहिला.

"कुठल्या पेट्या, सार्जंट? कोठी तुझी, चाव्या तुझ्याकडे. तू भरल्यास, तू लाखेने बंद केल्यास. मी पाहणी नीट पार पडली पाहिजे म्हणालो. गोटे भर असं मी म्हणालो का?"

दाल्मात्सोने आठवून पाहिलं. खरंच म्हणाला नव्हता. एकदाही नाही. नुसता हसला होता. आणि इतक्या वर्षांत त्याने दाल्मात्सोला सार्जंट म्हणून कधी हाक मारली नव्हती, दाल्मात्सो म्हणायचा. ज्याने पाठीवर घेतलं त्यानेच केसाने गळा कापला, आणि तोही असा की रक्ताचा थेंब बाहीवर नाही. दाल्मात्सोला वाटलं, ह्याने मला त्या शिखरावरच टाकून यायला हवं होतं. असं वाटलं आणि लगेच मान्यो आठवला, आणि तो तिथून पळाला.

तो घराघरांतून फिरला. बायकांनो, मोजे द्या, हातमोजे द्या, घोंगडी द्या. बायकांनी दिलं, कारण त्यांचीही पोरं वर होती. कुणी विचारलंच तर म्हणायचा, जास्तीचे असलेले बरे. स्वतःच्या घरी आला तेव्हा स्पिरिताने ते दोन जोड काढून दिले आणि विचारलं, कोठीत आहेत ना? तो म्हणाला, आहेत. ती बघत राहिली. मग तिने डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाली की मीही येते.

खेचरावर बोचकी लादून दोघं खोऱ्याच्या वरच्या अंगाला निघाले. वाटेत दोनदा ती काही विचारायला थांबली आणि दोन्ही वेळा त्याने खेचराला पुढे हाकललं. रस्ता वरच्या गावापर्यंतच होता. पुढे शिपायांनी वाट अडवली होती. वरून बैलगाड्या उतरत होत्या. गाड्यांत पोरं पडलेली, पायांना कांबळ्यांच्या चिंध्या, घोड्याच्या जिनाखालचं जाड कापड, मिळेल ते गुंडाळलेलं. गोळी लागलेले थोडे, थंडीने मारलेले फार. एक पोरगं पाय बघून रडत नव्हतं, नुसतं हसत होतं, ते बघून स्पिरिताने तोंडावर पदर घेतल्यासारखा रुमाल ओढला. आणि तिथेच कळलं की सह्या झाल्या, युद्ध थांबलं. एवढ्याचसाठी चढवली होती पोरं. दोन-चार पडक्या गावांसाठी आणि खुर्चीसाठी.

मान्यो त्यांना वरच्या गावातल्या शाळेत सापडला, तिसऱ्या वर्गात. शाळेचं इस्पितळ केलं होतं. नर्सने सांगितलं की आत एका वेळी एकच जण, आणि स्पिरिता म्हणाली, तुम्ही जा आधी, मी बोचकी उतरवून घेते. तेव्हा दाल्मात्सो आत गेला. फळ्यावर अजून मुलांची बेरीज लिहिलेली होती. मान्यो भिंतीशी खाटेवर होता. पायांवर लाकडी चौकट ठेवून पांघरूण टाकलेलं. एका पायाची सगळी बोटं काढावी लागली होती, दुसऱ्याचं अर्धं पाऊल. त्याने बापाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्यापेक्षा त्याने तोंड फिरवलं असतं तर सोपं गेलं असतं.

"बाबा, तुमच्या पेट्या कुणीतरी वाटेत बदलल्या," तो घाईने सांगायला लागला. पोरं नाही नाही ते बोलत होती बापाबद्दल. एकाच्या तर त्याने तोंडात मारली होती. छावणीतल्या कुठल्या तरी चोराने माल विकला आणि गोटे भरले असणार. मेजरसाहेबांना सांगून चौकशी लावा, म्हणाला. मग जरा दमला आणि हळू बोलायला लागला. वर वादळात सगळ्यांचे पाय भिजले होते. पायाला गुंडाळलेली फडकी गोठून पत्र्यासारखी झाली होती. त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं की घाबरू नका, पेट्या येतायत, माझ्या बापाने भरल्यात. खेचरं कशीबशी पोचली तेव्हा त्यानेच झाकण उघडलं, लव्हेंडरचा वास आला आणि सगळे ओरडले. वरचे मोजे त्याने भराभर वाटून टाकले.

"मी घेतला नाही," मान्यो म्हणाला. "म्हटलं, सगळ्यांचं होऊ दे. खाली आहेत की भरपूर."

दाल्मात्सो खाटेच्या कडेवर बसला. पांघरुणावर हात ठेवायला गेला आणि कुठे ठेवावा ते कळेना.

"कुणी बदलल्या नाहीत," तो म्हणाला. "मी भरल्या. गोटे मीच भरले."

मान्योला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्याने विचारलं, मोजे कुठे गेले. दाल्मात्सोने सांगितलं, आफ्रिकेत. मग स्पेनमध्ये. उरलेले आल्बेनियात. त्याने पाहणीचं सांगितलं, मेजरचं सांगितलं, कुणी चढणार नाही असा शब्द दिला होता ते सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला, मेजरला त्याने शिव्या घातल्या, रोमला घातल्या, शेजारच्या खाटेवरचं पोर जागं झालं. सगळ्यांनी आपल्या तोंडाला पानं पुसली रे, म्हणाला. मान्यो ऐकत होता.

"मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं. "मी कुणाला बोललो नसतो. तुमची लाज राखली असती. गुपचूप आईचे मोजे घेऊन गेलो असतो."

दाल्मात्सोने पांघरुणाचा सुटलेला कोपरा खाटेखाली खोचला.

"आईला पाठवा," मान्यो म्हणाला. "तुम्ही नका येऊ परत."

दाल्मात्सो उठला. वर्गाबाहेर स्पिरिता भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, कसा आहे, काय म्हणाला. आपणच तिला सांगायला हवं, पोराने सांगायच्या आत, इथे, आत्ता, हे त्याला लख्ख कळत होतं.

"तुला बोलावतोय," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.